टाइप २ मधुमेह आणि व्यायामाची सायकल: एका लयीत की इंटरव्हल?

सायकल तीच, पण अर्धा तास एका लयीत चालवायची की मधूनमधून जोर लावत? साखर दोन्हींनी उतरते. काम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो आणि त्यानंतरही २४ ते ७२ तास इन्शुलिनला बरा प्रतिसाद देतो. म्हणून प्रकार कुठलाही निवडा, सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा नको.

एका लयीत म्हणजे मिनिटाला ६०-७० फेरे. बोलता यावे, पण गाता येऊ नये इतका दम. ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. जेवणानंतर तासाभरात केल्यास साखरेची उसळी कमी होते. उणीव एकच: रेझिस्टन्स (पेडलचा जडपणा) अगदी हलका ठेवून नुसते पाय फिरवले, तर मांड्यांची ताकद फारशी वाढत नाही.

इंटरव्हलमध्ये ५ मिनिटे हलके, मग १ मिनिट जोर आणि २ मिनिटे विसावा असे सहा वेळा, शेवटी पुन्हा ५ मिनिटे हलके. २८ मिनिटांत संपते आणि दमाची क्षमता लवकर वाढते. जोर वाढवायचा तो रेझिस्टन्सने. पाय भरभर फिरवून नुसतेच आसनावर उसळायला होते. संपल्यावर ग्लुकोमीटरचा आकडा आधीपेक्षा वर दिसला तर दचकू नका. अॅड्रेनालिनमुळे यकृत साखर सोडते, ती तात्पुरती असते. मात्र डोळ्यांच्या पडद्यावर नव्या नाजूक रक्तवाहिन्या वाढल्या असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा चालताना छातीत भरून येत असेल, तर हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. मधुमेहात हृदयविकार न दुखताही असू शकतो.

नवख्याने पहिले चार-सहा आठवडे एका लयीत चालवावे, मग आठवड्यातले एक-दोन दिवस इंटरव्हलला द्यावेत, असे आमचे मत. स्नायूंसाठी मात्र दोन्ही अपुरे: हात, खांदे, पाठ मोकळीच राहतात. आठवड्यातून दोन दिवस वजनांचा किंवा रबरी पट्ट्यांचा व्यायाम वेगळा हवा.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी, शरीरातले इन्शुलिन वाढवणारी गोळी चालू असेल आणि सुरुवातीला साखर ९०च्या खाली असेल, तर आधी १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके घ्या. रात्री उशिराही साखर घसरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी. बीटा-ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारे रक्तदाबाचे किंवा हृदयाचे औषध) घेणाऱ्यांनी नाडीच्या आकड्यावर विसंबू नये, दमावरूनच अंदाज घ्यावा.

आसनाची उंची बहुतेक जण चुकवतात. टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेल्यावर पाय सरळ व्हायला हवा. गुडघा पुढून दुखत असेल तर आसन बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर वर. पावलांना बधिरता असेल, तर बूट काढल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या डोळ्यांनी तपासा. घासलेले जाणवणार नाही.