टर्की ट्रॉट: शहरातली मोठी शर्यत की गावातली छोटी? लहान मुलांच्या आईबाबांसाठी

घरात आठ वर्षांच्या आतलं मूल असेल तर थँक्सगिव्हिंगच्या सकाळी शहरातल्या मोठ्या शर्यतीपेक्षा आपल्या गावातली छोटी 5के, म्हणजे पाच किलोमीटरची शर्यत, निवडा. दोन्हीकडे धावून झाल्यावर माझं हे मत झालंय. आम्ही न्यू जर्सीत राहतो. दर सप्टेंबरात हा विषय आमच्याकडे निघतोच, आणि यंदा ओळखीतल्या दोन घरांनी तोच विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, धावायची इथली पद्धत जुनी आहे; अशा शर्यतीला टर्की ट्रॉट म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरात वायएमसीए या संस्थेने 1896 साली आठ किलोमीटरची शर्यत ठेवली, तेव्हा जेमतेम सहा जण आले होते. बॉस्टन मॅरेथॉन सुरू झाली त्याच्या पुढच्या वर्षी. आता लहानमोठ्या बहुतेक गावांत त्या सकाळी काही ना काही असतंच, त्यामुळे खरी अडचण असते ती निवड करण्याची.

सकाळचे किती तास जातात?

अंतराआधी हा हिशोब मांडा. 5के म्हणजे सव्वातीन मैलांनाही थोडं कमीच. रमतगमत गेलं तरी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत होतं. वेळ जातो तो त्याच्या आजूबाजूला.

मोठ्या शर्यतीचा छातीवर लावायचा नंबर आणि टी-शर्ट बहुतेक ठिकाणी आधीच्या एक-दोन दिवसांत जाऊन आणावा लागतो. म्हणजे मंगळवारी किंवा बुधवारी ऑफिस सुटल्यावर शहरात जायचं, आणि थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशीची रहदारी इथे राहणाऱ्यांना माहीत आहेच. शर्यतीच्या दिवशी रस्ते बंद, त्यामुळे गाडी लांब लावायची, तासभर आधी पोचायचं, शौचालयाच्या रांगेत उभं राहायचं, वेगाप्रमाणे नेमून दिलेल्या गटात थांबायचं. आम्ही सहाला घर सोडलं आणि परतलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. दुपारी पाहुणे जेवायला येणार होते.

गावातल्या शर्यतीत शाळेच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, टेबलावरून नंबर घेतला, चार पिना लावल्या आणि निघालो. साडेआठला सुरुवात, दहाला घरी. पोहे गरम खाल्ले.

छोट्या शर्यतीत उणिवा असतात, त्याही सांगते. पाणी एकाच ठिकाणी मिळतं. अंतर दर वेळी काटेकोर मोजलेलं असेलच असं नाही. काही ठिकाणी नंबराच्या मागे वेळ नोंदवणारी चिप नसते, मग तुम्ही मागून सुरुवात केली असेल तर रेषेपर्यंत पोचायला लागलेली मिनिटंही तुमच्याच वेळेत धरली जातात. स्वतःच्या वेळेशी स्पर्धा करणाऱ्याला हे खुपतं, आणि खुपायलाच हवं. मोठ्या शर्यतीतला उत्साहही खरा असतो. हजारो माणसं, बँड, डोक्यावर पिसांच्या टोप्या. पहिल्यांदा त्या गर्दीत उभी राहिले तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

त्याच शर्यतीत मुलगी तीन वर्षांची होती. नवरा तिला घेऊन शेवटच्या रेषेपाशी थांबणार होता, पण आम्ही ठरवलेली जागा कठडे लावून बंद केलेली निघाली. एवढ्या गर्दीत फोन लागेना. तापमान दोन अंश सेल्सियस. आम्ही एकमेकांना सापडलो चाळीस मिनिटांनी. तोपर्यंत लेक रडून झोपली होती, तिचे हात बर्फासारखे झाले होते, आणि गळ्यातल्या पदकाकडे बघावंसंही वाटत नव्हतं. छोट्या शर्यतीत मूल नजरेसमोर राहतं. ते चाळीस मिनिटांचं भय ज्याने अनुभवलंय त्याला याची किंमत कळेल.

स्ट्रोलर, पाळ्या की आजी?

स्ट्रोलर घेऊन धावायचं असेल तर नियम आधी वाचा. बऱ्याच मोठ्या शर्यती त्याला बंदी घालतात, किंवा फक्त 5केमध्ये आणि सगळ्यांच्या मागून सोडतात. गावातल्या शर्यती सहसा चालवून घेतात, तिथेही मागूनच निघावं. रोजचा बाजारहाटाचा स्ट्रोलर यासाठी नको. मोठ्या तीन चाकांचा, पुढचं चाक सरळ अडकवता येणारा आणि मनगटाला पट्टा असलेला जॉगिंग स्ट्रोलर हवा. बाळ निदान सहा ते आठ महिन्यांचं होऊन मान-पाठ पक्की झाल्याशिवाय त्याला घेऊन पळू नका, आणि त्याच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणखी एक गोष्ट पटकन लक्षात येत नाही: तुम्हाला घाम फुटलेला असतो, पण आत बसलेलं मूल हलत नसतं. तुमच्यापेक्षा त्याला जास्त कपडे लागतात.

स्ट्रोलर नसेल तर पाळ्या. एका वर्षी एकाने धावायचं, पुढच्या वर्षी दुसऱ्याने. हे कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तोंडी ठरलेली पाळी बहुतेक घरांत आईचीच हुकते. भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे आलेले असतील तर मुलांना घरी झोपू द्या आणि दोघांनी मिळून धावा. ज्या वर्षी आई इथे होती त्या वर्षी आम्ही तेच केलं, आणि लग्नानंतर आम्ही दोघं सलग तासभर एकत्र बाहेर होतो असे दिवस मोजकेच आहेत.

मुलांची वेगळी धाव असेल तर ती मोठ्यांच्या आधी आहे की नंतर ते बघा. आधी असेल तर उत्तम. नंतर असेल तर मुलं तासभर थंडीत ताटकळतात आणि धावायची वेळ येते तेव्हा चिडलेली असतात.

5के की 10के?

न धावणाऱ्या माणसाला 5केपर्यंत आणणारा प्रचलित आराखडा नऊ आठवड्यांचा आहे: आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी अर्धा तास. 2026 मध्ये थँक्सगिव्हिंग 26 नोव्हेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी 25 सप्टेंबरला. म्हणजे गणपती विसर्जन झाल्यावर लगेच सुरुवात केली तर वेळ बरोबर पुरतो. मध्ये नवरात्र आहे, आणि दिवाळी थेट 8 नोव्हेंबरला, शर्यतीच्या अडीच आठवडे आधी. चकल्या तळायच्या आठवड्यात दोनच दिवस धावणं झालं तरी 5के निभावते.

10केला तेवढी सूट मिळत नाही. त्यासाठी शनिवारी किंवा रविवारी तासाभराची एक लांब धाव लागते, आणि तीच वेळ सॉकर, मराठी शाळा आणि वाढदिवसांची असते. त्यात 1 नोव्हेंबरला घड्याळं मागे जाणार, मग इथे पाचच्या आत सूर्य मावळतो. संध्याकाळची धाव बंद झाली की उरते पहाट किंवा जेवणाची सुट्टी. ज्यांची मुलं मोठी आहेत, ज्यांना ही वेळ हक्काची मिळते, त्यांनी 10के जरूर करावी, आणि मोजलेला मार्ग, चिप, किलोमीटरच्या पाट्या यांसाठी मोठीच शर्यत घ्यावी. तिथे मोठ्या शर्यतीचे पैसे वसूल होतात.

पैशांचं म्हणाल तर चौघांचं शुल्क दोन्हीकडे तारीख जवळ येईल तसं वाढतं. ऑक्टोबर संपायच्या आत नावं घाला. टी-शर्टशिवाय नाव घालता येत असेल तर मुलांचं तसंच घाला. गावातल्या शर्यतीचे पैसे कुठे जातात तेही विचारा. आमच्याकडची शर्यत गावच्या अन्नपेढीसाठी असते, येताना डबाबंद अन्नही आणायला सांगतात. मुलगी दरवर्षी राजम्याचे दोन डबे स्वतः उचलून नेते.

ती यंदा सात वर्षांची आहे. मुलांच्या धावेत तिचं नाव घातलंय, धाकटा दोन वर्षांचा, तो स्ट्रोलरमध्ये. पाळी नवऱ्याची आहे, तेव्हा स्ट्रोलर तो ढकलेल आणि मी चहाचा थर्मास घेऊन शाळेच्या फाटकापाशी उभी असेन.