खांबांची ‘ट्रीटमेंट’ आणि गेलेले १ लाख ६२ हजार

लाकडी खांब तपासून, औषध भरून देतो म्हणत कुणी आलं, तर आधी त्याच्याकडे फावडं आहे का बघा. आमच्याकडे आलेल्यांकडे हातोडा होता, गिरमिट होतं, चकचकीत टॅब होता. फावडं नव्हतं.

आमच्या संस्थेच्या खासगी लाइनवर ४८ लाकडी खांब. तपासणी खांबामागे ८५० रुपये, म्हणजे ४०,८००. त्यातले ३१ ‘धोक्यात’ निघाले. औषधाचे खांबामागे ४,२००, म्हणजे १,३०,२००. एकूण १,७१,०००. पैकी १,६२,००० देऊन झाले. पैसे संस्थेचे, चेकवर सही माझी. सभेत काय झालं ते लिहीत नाही.

आधी घाबरवायचं, मग ‘आजच ठरवलंत तर’ म्हणायचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही होतं. पण खांब पडून कुणी मेलं तर जबाबदार कोण, या प्रश्नाला तुम्ही काय उत्तर दिलं असतं?

लाकडी खांब सगळ्यात जास्त कुजतो तो जमिनीच्या पातळीला आणि तिच्याखाली साधारण दीड फुटापर्यंत. बुरशीला ओल आणि हवा दोन्ही तिथे मिळतात. म्हणून खांबाभोवती उकरायचं, लाकूड टोकरून बघायचं, जमिनीलगत खालच्या बाजूला तिरकं गिरमिट मारून भुसा तपासायचा, बाहेरचं धड लाकूड किती जाड उरलंय ते मोजायचं. यांनी छातीच्या उंचीवर टकटक केली, तिथेच भोक पाडलं आणि काळपट, ओला भुसा तळहातावर धरून दाखवला. कडक उन्हात तापलेल्या खांबातून, छातीच्या उंचीवर, ओला भुसा! तो त्यांच्या खिशातून आला असेल असं डोळ्यांसमोर भोक पडत असताना कोण धरून चालेल?

आणि ते गवत. बिलासोबत जोडायला फोटो मीच काढले. प्रत्येक फोटोत बुंध्याला चिकटून गवत उभं आहे, एक पातंही मोडलेलं नाही. दीड फूट उकरलेल्या जागी गवत उभं राहतं का? ते फोटो मी आजही मोठे करून बघतो आणि डोकं फिरतं. विचारलं नव्हतं असंही नाही. ‘खोदत नाही का?’ म्हटलं, तर ‘साहेब, आता मशीन आलंय, खोदायची गरज नाही.’ लाकडात बारीक सुई घालून तिला आत होणारा विरोध मोजणारी यंत्रं खरोखर असतात, मी त्यांच्याबद्दल वाचलं होतं, म्हणून तर गप्प बसलो. बाकीचे पदाधिकारीही तिथेच उभे होते. आज सगळे मलाच विचारतात.

अहवालात ३१ च्या ३१ खांबांचं धड लाकूड ५० मिलिमीटर. एक मिलिमीटर इकडे नाही की तिकडे. असा अहवाल दिसला तर तिथेच थांबा.

‘ठणठणीत’ ठरवलेल्या १७ पैकी एक वाऱ्यात जमिनीलगत मोडला. लाइन बंद होती म्हणून निभावलं. मग जाणकार माणूस आणून औषध भरलेल्या खांबाची, भोक बुजवायला ठोकलेली खुंटी काढली. भोक जेमतेम ६ सेंटिमीटर, आत कोरडं, रिकामं. भोकात ठेवायच्या बोरॉनच्या, म्हणजे बुरशी मारणाऱ्या औषधाच्या, कांड्यांचे पैसे घेतले होते. ‘तांब्याची पेस्ट’ म्हणून लावलेला काळा लेप मातीच्या वर वीतभर. मातीखाली, जिथे ती लावून वरून गुंडाळायला हवी, तिथे काही नाही. खांबाचा भार बाहेरचं लाकूड पेलतं. कुजून घेर १० टक्के घटला तरी ताकद २७ टक्क्यांनी जाते. तिथे यांनी रंग फासला.

पोलीस म्हणाले, काम झालंय ना? मग फसवणूक कसली, दर्जाचा वाद आहे, दिवाणीत जा. वीज कार्यालय म्हणालं, खांब तुमचे, आमचा संबंध नाही. हाच ठेकेदार तिथल्याच एका बाबूने सुचवला होता. तो आता ओळखत नाही. ग्राहक तक्रारीसाठी पुरावा मागितला. पुरावा जमिनीखाली आहे म्हटलं, तर ‘पंचनाम्याआधी उकरू नका’. पंचनाम्याला कोण येणार? पोलीस म्हणतात वीजवाले, वीजवाले म्हणतात पोलीस. एका साहेबांनी तर विचारलं, मोडलेला खांब कार्यालयात आणता येईल का? नऊ मीटरचा खांब! अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारा रजेवर.

आगाऊ रक्कम देऊ नका. औषधाच्या डब्यांचे फोटो आणि बॅच नंबर घ्या. कोणत्याही चार खुंट्या तुमच्या समोर काढायला लावा, नकार दिला तर हाकला. भुसा गिरमिटावरूनच स्वतःच्या हातात घ्या. अशा ‘तपासलेल्या’ खांबावर, बुंधा उकरून बघेपर्यंत, वायरमनला चढवू नका.

राहिलेल्या ९,००० रुपयांसाठी त्या ठेकेदाराची वकिलामार्फत नोटीस आली आहे. व्याजासकट. ते पैसे मी देणार नाही.