वर्गाच्या भिंतीवर कालनिर्णय: सण शिकवायला कितपत उपयोगी?

सरकारी शाळेत सण शिकवायचे म्हटलं की बहुतेक ठिकाणी दोनच वाटा दिसतात. एक, बाजारातला तयार संच: प्रत्येक धर्माचं एक रंगीत पान, त्यावर एक देवळाचं, मशिदीचं किंवा चर्चचं चित्र आणि खाली चार ओळी. दुसरी, त्या त्या सणाला मुलांना नटवून कार्यक्रम करायचा. या दोन्हींपेक्षा स्वस्त आणि जास्त कामाची वस्तू बहुतेक घरांत खिळ्याला लटकलेली असते. जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेलं कालनिर्णय वर्गातलं शैक्षणिक साधन म्हणून कसं आहे, तेवढंच इथे पाहिलं आहे. घरच्या वापराबद्दल नवं काही सांगायची गरज नाही.

पहिला गुण म्हणजे एकच चौकट. २ ऑक्टोबर २०२५ ला गांधी जयंती, दसरा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन एकाच दिवशी आले. तयार संचात हे तिन्ही वेगवेगळ्या पानांवर जातात आणि मुलांना वाटतं, ही तीन वेगळी गावं आहेत. दिनदर्शिकेत ते एकाच चौकटीत दाटीवाटीने बसतात आणि प्रश्न आपोआप निघतो. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ ला; मग दीक्षाभूमीवर गर्दी दसऱ्याला का होते? कारण त्या वर्षी विजयादशमी १४ ऑक्टोबरला होती. काही ठिकाणी तिथी धरतात, काही ठिकाणी तारीख. सहावीचं मूल हे दोन मिनिटांत समजून घेतं.

दुसरा आणि मोठा गुण दिसायला चार वर्षांच्या प्रती लागतात. जुन्या प्रती पालकांकडून मागवाव्यात, पैसे पडत नाहीत. २०२२ ते २०२५ ही चार वर्षं यासाठी फार चांगली आहेत. दुकानात बिलासाठी वापरतात तसा कागदाचा रोल घ्यायचा, एक दिवस म्हणजे एक सेंटीमीटर असं प्रमाण धरून प्रत्येक वर्षाची एक पट्टी करायची आणि चारही पट्ट्या १ जानेवारी जुळवून एकाखाली एक चिकटवायच्या. पट्टी ३६६ सेंटीमीटरची हवी, ३६५ ची नाही. प्रत्येक पट्टीवर २९ फेब्रुवारीचा घर ठेवायचा आणि लीप वर्ष नसेल तिथे तो तिरक्या रेघांनी भरून टाकायचा. हे न केल्यास २०२४ ची पट्टी मार्चपासून एक सेंटीमीटरने सरकते, पुढचं सगळं गणित दहा आणि बाराच्या घोळात अडकतं आणि मुलं शिक्षकांवर शंका घेऊ लागतात. रोल साधा हवा. थर्मल कागद उन्हात आणि पत्र्याच्या खोलीतल्या उकाड्यात काळवंडतो किंवा त्यावरचं उडून जातं. चार पट्ट्यांना मिळून साधारण पंधरा मीटर कागद लागतो.

आता खुणा करायच्या. रमजान ईद: ३ मे २०२२, २२ एप्रिल २०२३, ११ एप्रिल २०२४, ३१ मार्च २०२५. सरळ जिना उतरतो, प्रत्येक पायरी अकरा सेंटीमीटरची. मग लक्ष्मीपूजन: २४ ऑक्टोबर २०२२, १२ नोव्हेंबर २०२३, १ नोव्हेंबर २०२४, २१ ऑक्टोबर २०२५. शेवटच्या तीन खुणा ईदसारख्याच अकरा-अकरा सेंटीमीटरने मागे येतात, पण २०२२ वरून २०२३ ला येताना उडी उलट्या दिशेला, एकोणीस सेंटीमीटर पुढे. इथे वर्ग थांबतो, आणि थांबू द्यावा. उत्तर त्याच दिनदर्शिकेत आहे: २०२३ च्या जुलै-ऑगस्टची पानं उघडली की अधिक श्रावण छापलेला दिसतो.

फळ्यावरचं गणित छोटं आहे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, गुणिले बारा, म्हणजे ३५४.३६. सौर वर्ष ३६५.२४. फरक १०.८८. हिजरी पंचांग हा फरक भरून काढत नाही, म्हणून ईद हळूहळू सगळ्या ऋतूंतून फिरते. आपल्याकडचं चांद्रसौर पंचांग साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालून तो भरून काढतं, म्हणून दिवाळी शरदातच राहते. बुद्ध पौर्णिमा (२३ मे २०२४, १२ मे २०२५) आणि महावीर जयंती (२१ एप्रिल २०२४, १० एप्रिल २०२५) याच हिशेबाने चालतात. ईस्टरही चंद्राला सोडत नाही: २१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. म्हणून गुड फ्रायडे आणि हनुमान जयंती पुष्कळदा आसपास येतात. ज्यू पंचांगातही एकोणीस वर्षांत सात जादा महिने असतात. कोकणातल्या बेने इस्रायल कुटुंबांचं नववर्ष, ज्याला ते नव्याचा सण म्हणत आले, २०२४ मध्ये ३ ऑक्टोबरला आलं, आणि त्याच दिवशी घटस्थापना होती. दोन्ही अमावास्येनंतर सुरू होतात, त्यामुळे यात चमत्कार काही नाही.

सणांचं वर्गीकरण धर्मावरून न करता गणनेवरून करता येतं, हे या साधनाचं खरं मोल. तीनच रंग घ्यावेत: सूर्यावर चालणारे, चंद्रावर चालणारे, दोन्ही सांभाळणारे. पहिल्या रंगात मकर संक्रांत, नाताळ आणि १४ एप्रिलची आंबेडकर जयंती शेजारी येतात. भगवा-हिरवा-निळा असे धर्माचे रंग मात्र अजिबात वापरू नयेत. आठवडाभरात मुलं एकमेकांना त्या रंगाने ओळखू लागतात आणि केलेलं काम उलटं फिरतं.

आता उणिवा. त्या थोड्या नाहीत.

छापील तारीख म्हणजे अंदाज, हे कालनिर्णयवर विसंबलेल्या शिक्षकाच्या उशिरा लक्षात येतं. अंक आदल्या वर्षी छापून येतो. ईदचा चंद्र मात्र आदल्या संध्याकाळी दिसायचा असतो. दाऊदी बोहरा समाज गणिती पंचांग पाळतो, त्यामुळे त्यांची ईद बऱ्याचदा एक-दोन दिवस आधी होते. सुट्टीही सरकते: २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या, मुस्लिम संघटनांनी जुलूस पुढे ढकलला आणि राज्य सरकारने ईदची सुट्टी २९ ला दिली. २०२४ मध्ये मुंबईत ती १६ ऐवजी १८ सप्टेंबरला झाली. नागरिकशास्त्राला याहून चांगला धडा मिळणार नाही, पण छापील पानावर तो नाही. वर्तमानपत्राचं कात्रण शेजारी लावावं लागतं.

मराठी आवृत्तीत महिने अमान्त आहेत, अमावास्येला संपणारे. वर्गात उत्तर प्रदेश-बिहारकडची मुलं असतील तर त्यांच्या घरी श्रावण पंधरा दिवस आधी लागलेला असतो, आणि आपली श्रावण वद्य अष्टमी त्यांच्याकडे भाद्रपदातली. दिवस तोच, महिन्याचं नाव वेगळं. हे सांगितलं नाही तर ते मूल चुकीचं ठरतं, तेही स्वतःच्याच सणाबद्दल. तसंच लक्ष्मीपूजनाचं: २०२४ मध्ये महाराष्ट्रात १ नोव्हेंबरला, उत्तरेत पुष्कळ ठिकाणी ३१ ऑक्टोबरला. एकाच धर्मात दोन तारखा असू शकतात हे कळलेलं मूल दुसऱ्या धर्मातल्या मतभेदांनाही हसत नाही.

पतेतीचा गोंधळ तर जुना आहे. पतेती हा पारशी वर्षाचा शेवटचा, पश्चात्तापाचा दिवस. नवरोज दुसऱ्या दिवशी. शाळेच्या फळ्यावर ‘पतेतीच्या हार्दिक शुभेच्छा’ लिहिलेलं आजही दिसतं. बहुतेक पारशी पाळतात ते शहेनशाही वर्ष बरोबर ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही, म्हणून ते चार वर्षांनी एक दिवस मागे येतं: २०२३ मध्ये १६ ऑगस्ट, २०२४ मध्ये १५. पट्टीवर ही एका सेंटीमीटरची सरक दाखवता येते, मुलांना ती फार आवडते.

स्थानिक सणांच्या बाबतीत दिनदर्शिका तोकडी पडते. पश्चिम महाराष्ट्राचा बेंदूर आषाढात, विदर्भाचा पोळा श्रावण अमावास्येला. सातपुड्यातल्या गावोगावच्या होळ्यांचा क्रम, डोंगरपट्ट्यातली वाघबारस हे सगळं शाळेने हाताने लिहायचं. गडचिरोलीकडे काही गोंड कुटुंबं रावणाला पूज्य मानतात. तिथे दसऱ्याच्या चौकटीत रावणदहन एवढंच लिहून भागत नाही. हस्ताक्षरातली नोंद छापील अक्षरांच्या आकाराचीच असावी. बारीक पेन्सिलने कोपऱ्यात लिहिलेला सण मुलांना बारीकच वाटतो.

मागच्या बाजूचा मजकूर वर्गासाठी नाही. पाककृती ठीक, राशिभविष्य आणि शुभ-अशुभाच्या नोंदी झाकाव्यात. त्यासाठी डिंक नको, पान फुगतं. पांढरा कागद स्टेपल करावा.

वापरताना होणाऱ्या चुका साधनाच्या नसून हाताळण्याच्या आहेत. पैकी सगळ्यात घातक: ‘सलमा, तू सांग बरं तुमच्या ईदचं.’ नऊ वर्षांच्या मुलीला अख्ख्या समाजाची प्रवक्ती करून ठेवू नये. तिला माहीत नसेल तर ती खजील होते, आणि माहीत असेल तरी दिवसभर तेवढीच ओळख उरते. त्याऐवजी सगळ्यांना एकच प्रश्न चिठ्ठीवर द्यावा, नाव न घालता: घरात मोठ्या सणाला काय शिजतं, कोण लवकर उठतं, कुणाला काम जास्त पडतं? शेवटच्या प्रश्नाची उत्तरं सगळ्या धर्मांत सारखीच येतात. सणाला वर्गात खाऊ वाटायचा झाल्यास आधी चौकशी करावी: शीरखुर्म्यात सुकामेवा असतो, काहींना चालत नाही, पर्युषणात जैन मुलांची पथ्यं वाढतात, रोजा धरलेलं मूल असेल तर कवायतीचा तास सावलीत आणि पोषण आहाराच्या वेळी त्याला वाचनाच्या कोपऱ्यात बसायची मुभा, तीही गाजावाजा न करता.

दुसरी चूक, माहिती देता देता विधी करून टाकणे. संविधानाच्या कलम २८(१) प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. २८(३) प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेतही उपासनेला हजर राहायची सक्ती करता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. धर्मांविषयी माहिती देण्याला मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००२ च्या अरुणा रॉय प्रकरणात आडकाठी केलेली नाही. व्यवहारात रेघ अशी ओढावी: पणती दाखवा, कशाची बनते ते सांगा, वर्गाकडून आरती करून घेऊ नका. नमाजाच्या पाच वेळा सूर्याच्या स्थितीशी जोडून शिकवा, मुलांना नमाजाचा अभिनय करायला लावू नका.

आकाश पाहण्याची जोड दिली नाही तर हे सगळं कागदी राहतं. पावसाळ्यात करू नये, ढगांमुळे चंद्राच्या नोंदींची वही कोरी राहते. नोव्हेंबर ते जानेवारी बरा. अमावास्येनंतरची कोर सूर्यास्तानंतर पश्चिमेला थोडाच वेळ दिसते, ती घरून पाहायची. पण वद्य पंचमी ते अष्टमीचा चंद्र सकाळी परिपाठाच्या वेळी पश्चिमेच्या आकाशात असतो. मैदानावर उभ्या मुलांना तिथेच दाखवावा आणि तिथी दिनदर्शिकेशी ताडून पाहावी. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, हे चार दिवसांत त्यांच्या लक्षात येतं.

तिसरी-चौथीला फक्त चंद्राची वही, सहावी-सातवीला पट्ट्या, आठवीला सुट्ट्यांची कात्रणं आणि कलम २८, अशी वाटणी जमते. पहिली-दुसरीसाठी हे साधन नको, अक्षरंच फार बारीक आहेत.

चालू वर्षाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक भिंतीवर लावायला आणि एक कापायला. भिंतीवरची मोठी आवृत्तीच घ्यावी. छोटी वर्गात दुसऱ्या बाकावरूनही वाचता येत नाही. खरेदी डिसेंबरात करून नव्या वर्षाची पट्टी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लावली तर संक्रांत हाताशी असते. शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होतं म्हणून जूनपर्यंत थांबल्यास होळी, गुढीपाडवा, गुड फ्रायडे, आंबेडकर जयंती आणि बुद्ध पौर्णिमा हातून गेलेल्या असतात.