इंजिन का तापते याचा शोध : ब्लूटूथ ओबीडी स्कॅनरचा काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गाडीला ओबीडी स्कॅनर, म्हणजे इंजिनाच्या संगणकातले आकडे मोबाइलवर दाखवणारे उपकरण, लावला की दोष आपोआप कळतो, अशा समजुतीने हे उपकरण घेणाऱ्यांची, निदान तापणाऱ्या इंजिनाच्या बाबतीत, निराशा होण्याचा संभव आहे. तापमान कधी चढले, गाडी त्या वेळी किती वेगाने जात होती आणि ते उतरायला किती वेळ लागला, एवढेच हे उपकरण सांगते. नेमकी हीच माहिती डॅशबोर्डवरचा काटा आणि बहुतेक गॅरेजे देत नाहीत, म्हणून काही महिन्यांच्या वापरानंतर मी या खरेदीबद्दल समाधानी आहे. मात्र हे समाधान काही अटींसह आहे, आणि त्या अटी पुढे ओघाने येतीलच.

गाडी पेट्रोलवर चालणारी, बऱ्यापैकी जुनी आणि दोन वेगांचा विजेचा पंखा असलेली आहे. वाहतूक कोंडीत थांबले की काटा मधल्या रेषेच्या वर सरकायचा आणि गाडी पळू लागली की पुन्हा खाली यायचा. गॅरेजमध्ये कोणतीही तपासणी न करता थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडचा मार्ग उघडणारी झडप) बदलण्यात आला आणि गाडी पूर्वीसारखीच तापत राहिली. मग वॉटर पंप बदलून पाहू आणि तेवढ्यानेही भागले नाही तर रेडिएटर नवा टाकू, असे सांगण्यात आले. सुटे भाग एकामागून एक बदलत जाण्याच्या या पद्धतीत दोष कधी ना कधी सापडतोच, कारण शेवटी बदलायला काही उरत नाही. त्या टप्प्यावर मी स्कॅनर घेतला.

उपकरणाविषयी थोडक्यात सांगतो. स्टीअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ते बसते आणि ब्लूटूथवरून मोबाइलमधील ॲपशी बोलते. हे सॉकेट अमेरिकेत १९९६ पासून आणि युरोपमध्ये पेट्रोल गाड्यांना २००१ पासून सक्तीचे झाले. त्याआधीच्या गाड्यांमध्ये ते असेलच असे नाही. आतली चिप ईएलएम३२७ या नावाने ओळखली जाते. ती मुळात तयार करणारी कॅनडातील एल्म इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनी २०२२ मध्ये बंद झाली, आणि स्वस्तातली बहुतेक उपकरणे त्या चिपच्या नकलेवर चालतात. अशा उपकरणांवर एकाच वेळी आठ-दहा आकडे पाहू गेल्यास ते अडखळत येतात. तापमान मात्र सावकाश बदलणारी गोष्ट असल्याने या कामाला तो संथपणा आड येत नाही. कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवण्यासाठी त्यात फिरणाऱ्या पाण्याच्या मिश्रणाचे तापमान, बाहेरून आत येणाऱ्या हवेचे तापमान, गाडीचा वेग आणि इंजिनाचे फेरे, हे चारच आकडे मी पडद्यावर ठेवतो. आयफोन वापरणाऱ्यांनी खरेदीपूर्वी एक गोष्ट जरूर पाहावी: जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथवर चालणारे स्कॅनर आयफोनला जोडले जात नाहीत, त्यासाठी कमी ऊर्जेचे ब्लूटूथ किंवा वायफाय असलेले उपकरण लागते.

स्कॅनरने पहिल्याच दिवशी दाखवलेली गोष्ट काट्याविषयीची होती. माझ्या गाडीत कूलंट ८० अंशांवर असो वा १०३ अंशांवर, काटा मधोमध जागचा हलत नाही. त्याच्या पुढे गेल्यावरच तो वर सरकू लागतो. किरकोळ चढउतारांनी चालकाने घाबरू नये म्हणून अनेक उत्पादक काट्याची अशी मुद्दाम रचना करतात. परिणामी काटा हलतो तेव्हा इंजिन नुकतेच तापू लागले असे आपल्याला वाटते, पण वस्तुतः ते बराच वेळ तापत आलेले असते.

आकड्यांवर विसंबण्यापूर्वी ते देणारा सेन्सर खरा आहे की नाही, हे तपासणे आवश्यक असते, आणि त्याची रीत सोपी आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, इंजिन सुरू न करता, केवळ किल्ली फिरवून कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान ताडून पाहावे. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. त्यांच्यात पंधरा-वीस अंशांचा फरक असेल तर दोनपैकी एक सेन्सर खोटे बोलतो आहे. कूलंटच्या सेन्सरची तार तुटली किंवा जोडणी निघाली असेल तर पुष्कळ गाड्यांत उणे ४० हा आकडा दिसतो, कारण या मोजमापाची खालची मर्यादाच तेवढी आहे. येथे आणखी एक धोका लक्षात ठेवण्यासारखा आहे. कूलंट फार कमी झाले आणि सेन्सरचे टोक पाण्याबाहेर हवेत किंवा वाफेत उरले, तर इंजिन तापत असतानाही पडद्यावरचा आकडा खाली येऊ शकतो. त्यामुळे स्कॅनर लावण्याआधी, इंजिन पूर्ण थंड असताना, कूलंटची पातळी डोळ्यांनी पाहण्याला पर्याय नाही. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण उघडणे तर सर्वथा टाळावे. दाब सुटताच आतले पाणी एकदम उकळून अंगावर येते.

सेन्सर ठीक निघाल्यावर मी गाडी थंड अवस्थेतून सुरू करून तापमानाचा आलेख ॲपमध्ये नोंदवून घेतला. आकडा सावकाश ८८ पर्यंत चढला, तिथून चार अंश खाली आला, पुन्हा चढला आणि ९० च्या आसपास स्थिरावला. ती चार अंशांची घसरण म्हणजे थर्मोस्टॅट उघडल्याची खूण होय, कारण त्या क्षणी रेडिएटरमधले थंड पाणी प्रथमच इंजिनात शिरते. नवा थर्मोस्टॅट आपले काम करत होता; जुनाही बहुधा करतच असावा. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असता तर तापमान काही मिनिटांत धोक्याच्या हद्दीत गेले असते आणि वरचा होज पाइप तापलेला, खालचा मात्र गार लागला असता.

यानंतर गाडी रस्त्यावर नेली. मोकळ्या रस्त्यावर ८९ ते ९१. सिग्नलला थांबून एसी सुरू ठेवला की आकडा मिनिटाला एक-दोन अंशांनी चढत १०४ पर्यंत जायचा, मग बॉनेटखालून पंख्याचा मोठा आवाज यायचा, आकडा ९७ पर्यंत उतरायचा आणि पंखा थांबायचा. पुन्हा तेच चक्र. संपूर्ण तपासणीचा गाभा येथे आहे. उभ्या गाडीत तापमान चढते आणि पळत्या गाडीत उतरते, याचा अर्थ पाण्याचा प्रवाह ठीक असून हवेचा प्रवाह अपुरा आहे. याउलट, उभ्या गाडीत सर्व ठीक आणि वेगात किंवा चढावर तापमान वाढते, असे असेल तर रेडिएटर तुंबणे, वॉटर पंप कमजोर होणे किंवा खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चिमटणे, या बाजूने विचार करावा. एवढा भेद आधी केला गेला असता तर थर्मोस्टॅटला हात लावण्याचे कारणच नव्हते.

पंख्याला कोणता आदेश मिळतो आहे, हे सर्व गाड्यांसाठी समान असलेल्या आकड्यांच्या यादीत येत नाही. त्यासाठी महागडा, कंपनीनिहाय स्कॅनर लागतो. येथे कानांनी काम केले. एसी सुरू करताच पंखा कमी वेगाने फिरू लागायला हवा होता, तो फिरत नव्हता, आणि सिग्नलला एसीची हवा कोमट का होते याचेही उत्तर त्यात होते. जास्त वेग चालतो आणि कमी वेग चालत नाही, म्हणजे मोटर, तिचा फ्यूज आणि जास्त वेगाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) शाबूत आहेत. संशय उरतो तो मुख्यतः कमी वेगाच्या रिलेवर आणि वीजप्रवाह कमी करून पंखा हळू फिरवणाऱ्या रेझिस्टरवर. रेझिस्टर काढून पाहिला तेव्हा त्याचे कनेक्टर एका बाजूने वितळून तपकिरी पडले होते आणि आतली तार तुटलेली होती. रेझिस्टर आणि कनेक्टर बदलल्यावर उभ्या गाडीत, एसीसह, तापमान ९३ ते ९६ या दरम्यान राहू लागले.

या साऱ्या काळात ॲपमध्ये एकही दोषाचा कोड आला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. अतितापाचा पी ०२१७ हा कोड इंजिनाच्या संगणकात ठरवून दिलेली मर्यादा ओलांडल्याशिवाय येत नाही, आणि १०४ अंश ही काही ती मर्यादा नव्हे. कोड नाही म्हणजे दोष नाही, असे मानून स्कॅनर बाजूला ठेवणारे अनेक जण भेटतात. त्यांनी कोडचे पान बंद करून आकड्यांचे पान उघडावे. कोड आलाच तर तो पुसण्यापूर्वी त्याच्यासोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद वाचावी, कारण कोड पुसला की तीही जाते.

पंखा दुरुस्त झाल्यावर काही आठवड्यांनी घाटात तापमान १०७ पर्यंत गेले, तेव्हा दुसरा दोष उघड झाला. या वेळी आलेखाचा आकार वेगळा होता: सपाट रस्त्यावर ९० आणि चढ लागला की सतत वाढ. शिवाय गाडी थंड झाल्यावर बाजूच्या टाकीत कूलंट जास्त आणि रेडिएटरमध्ये कमी आढळत होते. झाकण काढून पाहिले तर त्याच्या रबरी कडेवर नखाएवढी चीर होती. झाकण सुमारे १ बार दाब धरून ठेवते, म्हणून पाणी आणि कूलंट यांचे निम्मे-निम्मे मिश्रण १०७ च्या आसपास न उकळता १२५ अंशांपर्यंत तग धरते. दाब सुटत असेल तर ती सगळी राखीव जागा नाहीशी होते. आणि थंड होताना टाकीतले कूलंट परत ओढून घेण्याचे कामही फाटलेल्या रबराने होत नाही. त्याच वेळी रेडिएटरच्या पुढ्यात असलेली एसीची जाळी, म्हणजे कंडेन्सर, पुढे सरकवून पाहिला. त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत धूळ, किडे आणि सुकलेली पाने यांचा नमद्यासारखा थर बसलेला होता, जो समोरून कधीच दिसला नसता. तो इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने काढावा लागतो, कारण जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरचे पातळ पत्रे दुमडतात. झाकण बदलून, कूलंट नवे भरून आणि आत अडकलेली हवा काढून टाकल्यावर त्याच चढावर आकडा ९८ च्या पुढे गेला नाही.

हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलची शंका मात्र स्कॅनरने फिटत नाही. त्यासाठी रेडिएटरच्या तोंडाशी निळा द्रव असलेली नळी लावतात. जळालेला वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर पेट्रोल इंजिनात तो द्रव पिवळा होतो. माझ्या गाडीत तो निळाच राहिला.

उपकरणाच्या तक्रारी दोन आहेत. सॉकेटमध्ये लावल्यावर ते गुडघ्याला लागते, म्हणून जोडवायर घ्यावी लागली. दुसरी अधिक गंभीर आहे: सॉकेटच्या १६ क्रमांकाच्या पिनेला गाडी बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा मिळत राहतो, त्यामुळे गाडी काही दिवस उभी राहणार असेल तर स्कॅनर काढून ठेवावा. ॲपमध्ये १०२ अंशांना आवाज देणारी सूचना मी लावून ठेवली आहे; गाडीच्या काट्याला जाग येण्याच्या आधी ती वाजते, आणि एसी बंद करून, हीटर पूर्ण उघडून गाडी सुरक्षित जागी घेण्याइतका वेळ त्यात मिळतो.