मेंदूचा स्कॅन की जनुकांचा नकाशा?

जिवंत मेंदू काम करताना पाहायचा तर फंक्शनल एमआरआय हवा. कवटीला हात न लावता, दोन-तीन मिलिमीटरच्या ठोकळ्यांत तो रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार टिपतो. पण ही खूण रक्तप्रवाहाची, तीही काही सेकंद उशिरा येणारी. तिथे कोणतं जनुक जागं आहे, हे तिला सांगता येत नाही.

ते सांगतो सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटचा मानवी मेंदूचा ॲटलास. मृत्यूनंतर दान मिळालेले ६ मेंदू, सुमारे ३,७०० नमुने, प्रत्येकात हजारो जनुकांच्या आरएनएची, म्हणजे जनुक जागं असताना त्याची जी नक्कल बनते तिची, मोजणी. २०१२ साली हे काम शोधनिबंधातून मांडलं गेलं. माहिती सर्वांना खुली ठेवली, हे मला फार मोलाचं वाटतं. मात्र सहांत स्त्री एकच, आणि उजव्या अर्धगोलाचे नमुने दोघांचेच.

आठवण काढताना कोणता भाग सक्रिय होतो, यासाठी स्कॅन. त्या भागात कोणते रिसेप्टर (पेशीवर रासायनिक संदेश झेलणारी प्रथिनं) बनत असावेत, यासाठी ॲटलास. नमुन्यांच्या जागा एमआरआयवर नोंदवल्यामुळे दोन्ही जोडताही येतात. तिथेच खरी काळजी घ्यावी लागते: शेजारचे भाग मुळातच एकमेकांसारखे असतात, त्यामुळे असंबंधित नकाशेही जुळल्यासारखे दिसतात.