स्पोर्ट सँडलची गादी नंतर, आधी टाच बघा: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

सँडलचं नाव मुद्दाम देत नाही. कंपन्या मॉडेलचं नाव तेच ठेवतात आणि आतलं बरंच काही बदलतात, त्यामुळे आज मी कौतुक केलेली सँडल तुम्ही घ्याल तेव्हा तशीच असेल याची खात्री नाही. काय बघायचं हे मात्र बदलत नाही, म्हणून त्यावरच लिहिते.

माझी सँडल तीन पट्ट्यांची आहे: एक चवड्यावर, एक पायाच्या वरच्या उंचवट्यावर आणि एक टाचेमागून. बोटं उघडी, खाली रबराचा तळ, मध्ये ईव्हीए फोमची गादी, पट्टे वेल्क्रोचे. ऊन, पाऊस, डोंगरवाटा, ओढे ओलांडणं, प्रवासातली दिवसभराची पायपीट हे सगळं तिने पाहिलंय. घरी किंवा ऑफिसला घालायला मी ती घेतलेली नाही. त्या कामाला कुठलीही बरी सँडल चालते.

सँडल हातात घेतली की बहुतेक जणी पहिल्यांदा गादी अंगठ्याने दाबून बघतात. मऊ लागली की पसंत. पण आराम किती मिळणार हे गादीपेक्षा टाच जागेवर राहते का यावर जास्त ठरतं. सपाट रस्त्यावर काहीही पायात बसतं. खरी परीक्षा उतारावर होते. टाचेचा पट्टा ढिला असला किंवा वरच्या पट्ट्याने पाऊल नीट धरलं नसलं, की प्रत्येक पावलाला पाय थोडा पुढे सरकतो, बोटं कडेच्या बाहेर डोकावतात आणि पाय सँडलमध्ये ठेवायला बोटं नकळत आवळली जातात. तासाभराने पोटरी आणि तळवा का दुखतात ते कळत नाही. लोक दोष गादीला देतात.

स्पोर्ट सँडलची सुरुवातही इथूनच झाली. अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनमध्ये नदीवर गाइड म्हणून काम करणाऱ्या मार्क थॅचरने १९८४ मध्ये साध्या चपलेला घोट्यामागून पट्टा जोडला आणि त्यातून तेवा ही सँडलची कंपनी आली. पाण्यात चप्पल वाहून जाऊ नये, एवढीच मूळ गरज होती. बाकीचे सगळे लाड नंतरचे.

बायकांच्या बाबतीत हा टाचेचा मुद्दा जास्तच महत्त्वाचा. आपल्या बहुतेकींची टाच चवड्याच्या मानाने अरुंद असते. पुरुषांचा साचा नुसता लहान केला, की चवड्याला बरोबर बसणारी सँडल टाचेला सैल होते आणि टाचेला बसणारी करंगळीला चावते. ‘विमेन्स’ असं लिहिलेल्या सगळ्याच सँडल वेगळ्या साच्यावर बनतात असं नाही. काहींमध्ये फक्त रंग वेगळा असतो. ओळखायची एक सोपी युक्ती: सँडल उलटी करून तळाचा आकार बघा. चवड्यापासून टाचेकडे येताना तो स्पष्ट निमुळता होत असेल तर आशेला जागा आहे. मग पायात घालून पायरीच्या कडेवर बोटं खाली झुकवून उभं राहा, टाचेवर फिरा, दोन-चार उड्या मारा. टाच गादीच्या कडेवर चढली तर ती सँडल परत ठेवा. दुकानदार बघत असला तरी बघू दे.

टाचेचा पट्टा स्वतंत्रपणे कमीजास्त करता येतो का, हेही तपासा. बऱ्याच स्वस्त आणि काही महाग सँडलमध्येही तो शिवून पक्का केलेला असतो. मग कंपनीने ठरवलेल्या टाचेत आपली टाच बसली तर ठीक, नाहीतर काहीच उपाय नाही. चाको ही कंपनी १९८९ पासून एकच लांब पट्टा तळातून ओवून घेण्याची पद्धत वापरते. त्यात सगळीकडचा ताण हवा तसा वाटून घेता येतो, पण पहिल्यांदा जुळवायला चिकाटी लागते. एकदा जुळलं की फारसं हलवावं लागत नाही.

मापाबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वांत जास्त सँडल इथेच फसतात. युरोपियन मापातला एक नंबर म्हणजे दोन-तृतीयांश सेंटिमीटर, साधारण ६.७ मिलिमीटर. ब्रिटिश मापातला एक नंबर एक-तृतीयांश इंचाचा, सुमारे ८.५ मिलिमीटर. सँडलमध्ये बऱ्याचदा अर्धे नंबर नसतात, त्यामुळे दोन नंबरांच्या मधला पाय असणारीला काहीतरी सोडावंच लागतं. नंबर बाजूला ठेवून संध्याकाळी कागदावर उभं राहून दोन्ही पायांची रूपरेषा काढा आणि मिलिमीटरमध्ये मोजा. संध्याकाळी अशासाठी की दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि मोठ्या चालीत तो तसाच सुजणार आहे. दोन पायांत फरक निघाला तर मोठ्या पायाचं माप धरायचं. बोटांपुढे अर्धा ते एक सेंटिमीटर तळ शिल्लक हवा, कारण ठेच लागते तेव्हा ती तळाच्या कडेला लागली पाहिजे. त्याहून जास्त मात्र नको. लांब तळाचं टोक मुळाला आणि पायरीला अडकतं. बाळंतपणानंतर अनेकींचा पाय थोडा लांब आणि पसरट होतो आणि तसाच राहतो, हे मापाच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही. लग्नाच्या आधीचा नंबर आयुष्यभर तोच धरून बसू नका.

आता ती गादी. ईव्हीए म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेला हलका फोम. नवीन असताना छान उसळी देतो, पण रोज दाबला जाऊन हळूहळू बसतो आणि पुरता परत उठत नाही. माझ्या सँडलमध्ये टाचेखाली आणि अंगठ्याच्या मुळाशी स्पष्ट खळगे पडलेत. गंमत म्हणजे या खळग्यांनी सँडल बिघडली नाही, उलट पाय जास्त स्थिर बसतो. हे झालं कारण फोम मुळात मध्यम कडक होता. दुकानात लोण्यासारखा मऊ वाटणारा फोम याच वापरात चपटा होतो आणि मग खालचा प्रत्येक खडा मोजता येतो. पॉलीयुरेथेनची गादी जड असते आणि कमी बसते, पण तिचा एक वेगळा शत्रू आहे: दमट हवा. वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिलेल्या पॉलीयुरेथेनच्या सँडलचा तळ न वापरताही भुगा होऊन पडू शकतो. म्हणून जुना माल मोठ्या सवलतीत मिळाला तर आधी तळ वाकवून बघा.

वाकवण्यावरून आठवलं. दोन हातांत धरून सँडल वाकवली की ती चवड्यापाशी, म्हणजे बोटं जिथून दुमडतात तिथे वाकली पाहिजे. मधोमध घडी पडत असेल तर खडकाळ वाटेवर तळव्याच्या कमानीला काहीच आधार मिळणार नाही. पिळून बघितल्यावर थोडा विरोध जाणवायला हवा.

पट्ट्यांनी सुरुवातीला त्रास दिला. करंगळीच्या बाजूला पट्ट्याची कड घासायची. कड मऊ पडेपर्यंत मी पातळ मोजे घातले. दिसायला विचित्र, पण फोडापेक्षा बरं. फोड येतो तो कातडी आणि पट्टा एकमेकांवर पुन्हा पुन्हा सरकल्यामुळे, म्हणून घासतंय वाटल्यावर पट्टा सैल करण्याऐवजी बऱ्याचदा तो थोडा घट्ट करणं हाच इलाज असतो. त्यात वाळू शिरली की मात्र दोन्ही उपाय संपले. थांबून पाय धुवायचा. कापडाचाही फरक पडतो. नायलॉन पाणी पितो आणि ओला झाल्यावर थोडा ताणला जातो. पॉलिएस्टर फारच कमी पाणी शोषतो. माझे पट्टे बहुधा नायलॉनचे असावेत, कारण ओढ्यातून बाहेर आल्यावर ते प्रत्येक वेळी पुन्हा आवळावे लागतात. पट्ट्याखाली निओप्रीनचं, म्हणजे स्पंजसारख्या कृत्रिम रबराचं अस्तर आहे. कोरडं असताना सुखाचं, भिजल्यावर तासन्‌तास ओलं. रोज पाण्यात उतरणारीने अस्तर नसलेली सँडल बघावी.

पाण्याबद्दल जाहिराती खूप काही सांगतात. ओल्या स्वच्छ खडकावर माझी सँडल छान धरते. शेवाळावर ती घसरते आणि तुमचीही घसरेल, नाव काहीही असो. मऊ रबर खडकाला जास्त चिकटतं पण लवकर झिजतं, कडक रबर टिकतं पण ओल्यात फसवतं. या दोन्हींच्या मधलं काहीतरी प्रत्येक कंपनी निवडते. चिखलासाठी तळाच्या खाचा खोल आणि एकमेकींपासून लांब हव्यात, नाहीतर चिखल त्यांत भरून तळ गुळगुळीत होतो. आणि ज्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही ते असं: बाहेरचा तळ खडकाला धरून असतो आणि ओला तळवा सँडलच्या आतच सरकतो. वरच्या पृष्ठभागावर नक्षी किंवा खरखरीतपणा आहे का ते ओल्या अंगठ्याने चोळून बघा. माझ्या सँडलला सुरुवातीला बारीक रेघा होत्या, आता टाचेपाशी त्या झिजल्यात आणि तिथला सरकता भाग जाणवू लागलाय.

बोटं उघडी की झाकलेली हा वाद संपणारा नाही. कीन या कंपनीने २००३ मध्ये पुढे रबरी टोपी असलेली सँडल आणली आणि तेव्हापासून दोन पंथ झाले. मुळं, सुटे दगड, होडीत चढउतार असेल तर झाकलेली बोटं खरंच वाचतात. पण तिच्यात शिरलेला खडा बाहेर निघता निघत नाही. उघड्या सँडलमध्ये पाय झटकला की झालं. मी उघडीच्या बाजूची आहे, मात्र काटेरी झुडपांची वाट, घसरता मुरूम किंवा पाठीवर जड ओझं असेल तेव्हा सरळ बूट घालते. सँडलला त्या कामाला लावण्यात शहाणपण नाही.

टिकाऊपणाचं म्हणाल तर तळ अजून बराच शिल्लक आहे. आधी दमलं ते वेल्क्रो. जॉर्ज दे मेस्त्राल या स्विस इंजिनियरला ही कल्पना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून १९४१ मध्ये सुचली, त्यामुळे ते वाटेतली प्रत्येक कुसळ उचलतं यात नवल नाही. वेल्क्रोच्या एका बाजूच्या बारीक आकड्यांमध्ये केस, धागे, माती भरली की पकड जाते. सुईने आणि जुन्या टूथब्रशने कोरून काढलं की बरीचशी परत येते, पण समोरच्या बाजूचे फासे एकदा तुटले की उपाय नाही. दुसरी कमजोरी चिकटवणीची. पुढच्या टोकाला रबर गादीपासून सुटायला लागलं. ते वेळेत चिकटवलं: दोन्ही बाजू स्वच्छ पुसून, पॉलिश पेपरने खरखरीत करून, बुटांसाठी मिळणारा लवचीक गोंद लावून, दिवसभर घट्ट बांधून ठेवली. झटपट गोंद वापरू नका, तो कडक होतो आणि वाकताना तडकतो.

घेताना पट्टा तळात कसा शिरतो ते नक्की बघा. गादीच्या थरांमधून खाली जाऊन अडकवलेला पट्टा सहसा टिकतो. नुसता कडेला चिकटवलेला असेल तर एक जोराचा हिसका पुरतो. आणि तो हिसका घराजवळ कधीच बसत नाही.

उन्हात तापलेल्या बंद गाडीत सँडल ठेवू नका. उष्णतेने ईव्हीए आक्रसतो आणि गोंदही सैल पडतो. वाळवायची ती सावलीत. वासाचं कारण पाण्यात नाही, गादीवर साचणाऱ्या मृत कातडीवर वाढणाऱ्या जिवाणूंमध्ये आहे. साबण आणि ब्रशने वरचा पृष्ठभाग घासला की वास जातो, अत्तराने फक्त मिसळतो. पायाच्या वरच्या भागाला सनस्क्रीन लावायला विसरू नका, नाहीतर पट्ट्यांची नक्षी कातडीवर बराच काळ मिरवावी लागते. टाचांना भेगा पडत असतील तर उघड्या सँडलने त्या वाढतात, रात्री क्रीम लावणं भाग आहे.

ही सँडल पुन्हा घेईन का? साच्यासाठी हो. पण पुढच्या वेळी टाचेच्या पट्ट्याला वेल्क्रोऐवजी बक्कल असलेली बघेन. चवड्यावरचं वेल्क्रो थोडं सुटलं तरी चालतं, टाचेचं ओढ्याच्या मध्यावर सुटलं तर सँडल पायात राहत नाही.