नव्या कॅमेऱ्याच्या खोक्यात बनावट बॅटरी

नवा डिजिटल कॅमेरा विकताना खोक्यातली मूळ बॅटरी आणि चार्जर आधीच काढून घ्यायचा, त्यांच्या जागी हुबेहूब दिसणारा बनावट जोड ठेवायचा आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन आले की दोष कॅमेऱ्यावर, हवामानावर किंवा गिऱ्हाइकाच्या वापरावर ढकलायचा, असा प्रकार मुंबईत माझ्या बाबतीत घडला. कॅमेरा घेण्याच्या विचारात असलेल्यांनी हा अनुभव शेवटपर्यंत वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कारण या फसवणुकीत वस्तू हातात पडते, ती चालूही होते, आणि नेमके काय काढून घेतले गेले आहे हे कळेपर्यंत माल बदलून मागण्याची मुदत उलटून गेलेली असते.

सातारा जिल्ह्यात गावोगावी मंदिरांच्या आवारात, पारावर, कधी ओढ्याकाठी पडलेल्या वीरगळांची आणि सतीशिळांची छायाचित्रांसह नोंद करण्याचे काम मी करतो. झिजलेल्या दगडावरचे कोरीव काम तिरप्या उजेडातच उठून दिसते, त्यामुळे सकाळचे कोवळे ऊन आणि मावळतीच्या आधीचा थोडा वेळ एवढाच खरा कामाचा असतो, आणि एकेका शिळेची वेगवेगळ्या कोनांतून बरीच छायाचित्रे घ्यावी लागतात. अशा वेळी कॅमेरा बंद पडला की तो दिवस वाया जातो, आणि जिथे दिवसाकाठी मोजक्याच एसट्या जातात अशा गावी पुन्हा जाणे वाटते तितके सोपे नसते. म्हणूनच बॅटरी दीर्घकाळ टिकते असा लौकिक असलेला एक मिररलेस कॅमेरा मी निवडला आणि तो घेण्यासाठी मुंबईत फोर्ट भागात गेलो. बोरा बाजार आणि आसपासच्या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची दुकाने दाटीने आहेत, त्यांत चोख व्यवहार करणारी दुकानेही भरपूर आहेत, आणि माझ्या ओळखीच्या अनेकांनी तिथूनच वर्षानुवर्षे खरेदी केलेली आहे.

ज्या दुकानात माझा व्यवहार झाला तिथे मागितलेला कॅमेरा समोरच्या कपाटात नव्हता. दुकानदाराने फोन केला आणि थोड्या वेळाने एक मुलगा गोडाऊनमधून खोके घेऊन आला. खोक्याचे सील फोडलेले होते. विचारल्यावर, “साहेब, आम्ही प्रत्येक पीस चेक करूनच देतो, उद्या तुम्हाला त्रास नको,” असे उत्तर मिळाले. किंमत कंपनीच्या अधिकृत दुकानापेक्षा कमी होती, आणि त्याचे कारण त्याने असे सांगितले की माल तोच, फक्त थेट बाहेरून आलेला, म्हणून कंपनीच्या वॉरंटीऐवजी दुकानाची वॉरंटी मिळेल. बिल मागितले तेव्हा हाती पडले ते ‘एस्टिमेट’ असे शीर्षक असलेले कच्चे बिल, आणि पक्के बिल व्हॉट्सॲपवर पाठवतो असे आश्वासन. बऱ्याच पाठपुराव्यानंतर जे पक्के बिल आले त्यावर 18 टक्के जीएसटी व्यवस्थित लावलेला होता, परंतु कॅमेऱ्याचा अनुक्रमांक कुठेही नव्हता. ‘डिजिटल कॅमेरा, 1 नग’ एवढीच नोंद होती. हा अनुक्रमांक गाळणे ही नजरचूक नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले.

त्रास पहिल्याच फेरीत सुरू झाला. निघताना बॅटरी पूर्ण भरलेली दिसत होती, काही छायाचित्रे घेईपर्यंत ती तशीच पूर्ण दिसत राहिली, आणि मग मधली कोणतीही पायरी न दाखवता एकदम लाल खूण येऊन कॅमेरा बंद पडला. थोडा वेळ तसाच ठेवून पुन्हा चालू केला तर बॅटरी निम्मी भरलेली दाखवू लागला, आणि फोकस जुळवायला लागताच पुन्हा बंद. एकदा तर छायाचित्र कार्डावर उतरत असतानाच तो बंद पडला आणि ती फाइल कायमची बिघडली. कधीमधी पडद्यावर, ही बॅटरी कॅमेऱ्याशी नीट संपर्क साधत नाही, अशा आशयाची सूचना येई आणि बटण दाबले की निघून जाई. ही सूचना म्हणजे कॅमेरा स्वतः खरे सांगत होता.

दुकानदाराला फोन केल्यावर त्याने जे सांगितले ते इथे मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण हीच उत्तरे इतरांनाही मिळतील. तो म्हणाला, “साहेब, नवी बॅटरी आहे. सुरुवातीला चार-पाच वेळा पूर्ण उतरू द्या, मग रात्रभर चार्जिंगला लावा, म्हणजे सेट होईल.” लिथियम-आयन बॅटरीला अशा कोणत्याही संस्काराची गरज नसते. पूर्ण उतरवून भरण्याचा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे; लिथियमची बॅटरी वारंवार तळापर्यंत उतरवली तर तिचे आयुष्य उलट घटते. त्याचा दुसरा सल्ला असा होता की कॅमेऱ्याचे फर्मवेअर, म्हणजे तो चालवणारी आतली आज्ञावली, अजिबात अपडेट करू नये, नाहीतर वॉरंटी जाईल. यामागचे खरे कारण मला सर्व्हिस सेंटरमध्ये कळले: नवे फर्मवेअर घातल्यावर काही कॅमेरे परक्या बॅटरीला ओळख दाखवत नाहीत, आणि तसे झाले असते तर त्याची लबाडी त्याच दिवशी उघडी पडली असती. या सल्ल्यांचा एकत्रित परिणाम असा झाला की बिलामागे छापलेली माल बदलण्याची छोटी मुदत निघून गेली. त्यानंतर मात्र त्याचा सूर बदलला, आणि कॅमेरा नाजूक वस्तू आहे, खेड्यातल्या धुळीत, उन्हात वापरल्यावर असे होणारच, असे मला ऐकवण्यात आले. तोडगा म्हणून त्याने जादा बॅटरी विकत घेण्यास सुचवले. तीही त्याच खेपेतली निघाली आणि तशीच वागली.

अखेर पहिली बॅटरी कॅमेऱ्याच्या खाचेत अडकून बसली. झाकण उघडून खटका दाबला की बॅटरी आपोआप थोडी वर उचलली जायला हवी, पण ती जागची हलेना. नखाने ओढून पाहिले तेव्हा तिची एक बाजू फुगीर झाल्याचे बोटाला स्पष्ट जाणवले. आतल्या सेलमध्ये वायू तयार झाला की असे होते आणि ते धोक्याचे लक्षण आहे. मी कॅमेरा तसाच बंद ठेवून कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी बॅटरी हलक्या हाताने बाहेर काढली, उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, “सर, ही आमची बॅटरी नाहीच.” मग त्यांनी आपल्याकडची मूळ बॅटरी माझ्या कॅमेऱ्यात घातली आणि तो माझ्यासमोर बराच वेळ विनातक्रार चालला. इतके दिवस ज्याला बेभरवशाचा म्हणत होतो तो कॅमेरा धडधाकट होता.

दोन्ही बॅटऱ्या शेजारी ठेवून ताईंनी जो फरक दाखवला तो प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे. रंग, आकार, अक्षरे, चकाकणारा होलोग्राम हे सगळे सारखेच होते. हातात घेतल्यावर मात्र बनावट बॅटरी हलकी लागत होती. अशा बॅटरीत 3.6 व्होल्टचे दोन सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि म्हणून तिच्यावर 7.2 व्होल्ट लिहिलेले असते. बनावट मालात सेल हलक्या प्रतीचे असतात, आणि फोकसची मोटर किंवा शटर एकदम वीज खेचू लागले की त्यांचे व्होल्टेज कोसळते. भार उतरला की ते पुन्हा वर येते, आणि म्हणूनच बंद पडलेला कॅमेरा थोड्या विश्रांतीनंतर निम्मी बॅटरी दाखवत होता. मूळ बॅटरीच्या आत किती वीज उरली आहे हे कॅमेऱ्याला कळवणारी चिप असते. बनावट बॅटरीतली चिप नुसती वेळ मारून नेणारे आकडे पाठवते. लेबलावरचा हिशेबही जुळत नव्हता. 7.2 व्होल्ट गुणिले 2000 मिलीअँपिअर-तास म्हणजे 14.4 वॉट-तास व्हायला हवेत, आणि त्याच लेबलावर 11 वॉट-तास छापलेले होते. हा गुणाकार कोणालाही दुकानात उभ्या उभ्या करता येतो.

भारतीय मानक ब्यूरोची खूणही तिच्यावर नव्हती. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा लिथियम बॅटऱ्यांना आयएस 16046 या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे आणि लेबलावर ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक घातला की उत्पादकाचे नाव दिसते. काही बनावट बॅटऱ्यांवर दुसऱ्याच कोणाचा क्रमांक छापलेला असू शकतो, म्हणून क्रमांक आहे एवढ्यावर समाधान न मानता तो ॲपवर पडताळून पाहावा.

त्यानंतर कॅमेऱ्याचा अनुक्रमांक संगणकावर तपासला तेव्हा आणखी एक गोष्ट निघाली: तो कंपनीच्या भारतातील अधिकृत विक्रीत कुठेच नव्हता. परदेशातून परस्पर आणलेल्या अशा मालावर भारतात कंपनीची मोफत दुरुस्ती मिळाली नाही. घरी येऊन खोके पुन्हा पाहिले. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव-पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापणे 2011 च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. माझ्या खोक्यावर यातले काहीही नव्हते, फक्त एका कोपऱ्यात लेबल खरवडल्याची चिकट खूण होती.

हे सगळे पुरावे घेऊन मी दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने प्रथम असा पवित्रा घेतला की बॅटरी मीच बाहेरून घेऊन बदलली असेल, आणि बिलावर अनुक्रमांक नसल्याने हा कॅमेरा तरी त्याच्याच दुकानातला कशावरून. बिल अर्धवट ठेवण्यामागचा हेतू तिथे मला पुरता समजला. माझ्या बाजूने उपयोगी पडले ते व्हॉट्सॲपवरचे संदेश: खरेदीच्या संध्याकाळी मी त्याला खोक्याचे आणि आतल्या सर्व वस्तूंचे छायाचित्र पाठवून चार्जरची वायर कोणती वापरायची असे विचारले होते, त्यात अनुक्रमांकाची पट्टी आणि बॅटरी दोन्ही दिसत होत्या, आणि त्याने त्याला उत्तरही दिले होते. सर्व्हिस सेंटरकडून, बॅटरी कंपनीची नाही, असे जॉबशीटवर लेखी घेतले होते, हेही तितकेच महत्त्वाचे ठरले. तोंडी सांगितलेले कोणी मानत नाही. लेखी मागितल्यावर त्या ताईंनी ते विनाखळखळ दिले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असे त्या बिलावर ठळक छापलेले होते आणि दुकानदार त्यावरच बोट ठेवत होता. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मात्र सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. बिलात मुदत दिलेली नसेल तर ती 30 दिवसांची धरली जाते. बिल न देणे हेसुद्धा याच कायद्याने अनुचित ठरवले आहे. मी प्रथम 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आणि तिथून समाधान न झाल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. दुकान मुंबईत असले तरी तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा नव्या कायद्याने दिली आहे, त्यामुळे मला साताऱ्यातच दाद मागता आली. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. अनेक जण मुंबईला खेटे घालण्याच्या भीतीने गप्प बसतात, आणि नेमक्या याच भीतीवर बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला फसवणाऱ्यांचा धंदा चालतो. म्हणून ही तरतूद मी भेटेल त्याला सांगतो.

नोटीस पोहोचल्यावर दुकानदाराचा फोन आला. मूळ बॅटरी आणि चार्जर देतो, तक्रार मागे घ्या आणि ‘माझी काही तक्रार नाही’ असे लिहून द्या, अशी त्याची मागणी होती. पैसे खात्यात जमा होण्याआधी असे काहीही लिहून देऊ नये. मी नकार दिल्यावर दोन्ही बॅटऱ्यांची आणि चार्जरची रक्कम त्याने बँकेतून परत केली. कंपनीची वॉरंटी नसलेला कॅमेरा परत घेऊन पूर्ण किंमत देण्याचा मुद्दा अजून आयोगासमोर आहे. दरम्यान अधिकृत विक्रेत्याकडून मी मूळ बॅटरी घेतली आणि थांबलेले काम पुन्हा सुरू केले.

ज्यांना अशी बॅटरी मिळाली असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट राहिली. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नये, टोचू नये, दाबून खाचेत बसवू नये आणि घरच्या कचऱ्यातही टाकू नये. पुराव्यासाठी ती ठेवणे भाग असेल तर टोकांवर चिकटपट्टी लावून, तळाशी कोरडी वाळू पसरलेल्या पत्र्याच्या डब्यात, उन्हापासून आणि जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी. डबा हवाबंद करू नये. प्रकरण निकाली निघाले की ती ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी आणि दिल्याची पावती बिलासोबत जपून ठेवावी.